मुद्देमाल म्हणून आणलेला डॉबरमन

नोकरीत मी नाना तऱ्हेचा मुद्देमाल जमा केला. तलवारी, दागिने, मोटारसायकली, एकदा तर उसाची भरलेली ट्रॉली. पण श्वास घेणारा, वेळेवर भाकरी मागणारा मुद्देमाल एकदाच ठाण्यात आला आणि ते प्रकरण अजून माझ्या मनातून उतरलेलं नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापुरात, कसबा बावड्याच्या बाजूच्या हद्दीत फौजदार होतो.

तो भाग तेव्हा झपाट्यानं बदलत होता. एका बाजूला ऊस उभा आणि दुसऱ्या बाजूला प्लॉट पाडून झालेले बंगले. मधूनच गवळ्यांची जुनी घरं आणि त्यांचे गोठे. या गवळ्यांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाटेनं पंचगंगेवर डुंबायला जायच्या. ती वाट आता एका नव्या बंगल्याच्या कंपाउंडला घासून जात होती. बंगलेवाल्यानं तिथं एकदा तारा ओढल्या, गवळ्यांनी काढल्या. वाट कागदोपत्री वहिवाटीची होती, त्यामुळे त्याला काही करता येईना. आमच्याकडे दोन्ही बाजूंचे अर्ज पडून होते.

पावसाळ्याचे दिवस होते. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. सरकारी दवाखान्यातल्या चौकीवरून फोन आला की बावड्याच्या एका गवळ्याला कुत्र्यानं फाडलंय. आमचे हवालदार माझ्यापेक्षा वयानं मोठे, अंगानं काटक आणि तोंडानं तिखट. ते म्हणाले, "साहेब, कुत्रं चावल्यालं हाय. डायरीत एक ओळ लिवतो, मग चहा घिऊ." त्यात त्यांचं चुकलं नव्हतं. कुत्रं चावण्याला पोलीस ठाण्यात कोण विचारतो? पण डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की हाताच्या शिरा तुटल्यात, बोटं मिटत नाहीत. मग मी उठलो.

वॉर्डात साठी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस पडला होता. सगळे त्यांना आबा म्हणायचे. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. बोलत होती ती त्यांची सून. "साहेब, म्हशी घिऊन नदीला निगालतं. बंगल्याचं गेट उघडं. आतनं ते कुत्रं आलं, म्हशींच्या मधनं आलं, एकीला बी दात लावला न्हाय, सरळ आबांच्या अंगावर. पाठीमागनं माझा दीर येत हुता, त्यालाबी शिवलं न्हाय."

मी आबांना विचारलं, "तुम्ही काठी उगारली होती का?"

"न्हाय की." मग सुनेला म्हणाले, "धार कोण काढनार गं? थोरली कुणाला कासंला हात लावू दीत न्हाय."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. कोल्हापुरात गवळी म्हशी घेऊन चौकातल्या कट्ट्यावर येतो आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतो. तिथं गवळ्याचा हात हाच त्याचा धंदा, हीच त्याची अब्रू. आबांचा तो हात आता कामातून गेला होता. मला त्या माणसाची फार कीव आली, आणि त्यांच्यासमोर ती दाखवायची सोय नव्हती म्हणून मी जबाब लिहायला घेतला.

फिर्याद घेतली. कलम २८९, म्हणजे पाळलेल्या जनावराबाबत हयगय. जास्तीत जास्त सहा महिने, नाहीतर दंड. साधारण दंडावर भागतं. आबांच्या अंगावरचे कपडे पंचनाम्यानं ताब्यात घेतले. रक्तानं भिजलेलं धोतर आणि डोक्यावरून घेतलेलं घोंगडं.

बोलावण्याआधीच बंगलेवाले ठाण्यात हजर झाले. बांधकामाचं साहित्य विकणारा, वजनदार, गोड बोलणारा गृहस्थ. नमस्कार करून म्हणाले, "साहेब, चूक माझीच. गेट उघडं राहिलं. पण त्या जनावराची जातच तसली. डॉबरमन मोठा झाला की त्याचा मेंदू वाढत राहतो, कवटी मात्र तेवढीच राहते. मग वेडा होऊन मालकालासुद्धा फाडतो. मी आजच त्याला इंजेक्शन देऊन संपवतो. कलम लावायचं ते लावा, मी कबूल करतो."

"व्हय की साहेब," हवालदार म्हणाले, "ते मेंदूचं मी बी ऐकलंय."

मीही ऐकलं होतं. त्या काळात राजारामपुरीपासून बावड्यापर्यंत डॉबरमनच्या मेंदूची ती गोष्ट माहीत नसलेला माणूस सापडला नसता. पण गुन्हा कबूल करायला एवढी घाई करणारा माणूस समोर बसला की मी खुर्ची जरा पुढं ओढतो. लोक दंड चुकवायला धडपडतात. हा दंड मागून घेत होता आणि कुत्रं मारायची परवानगी मागत होता.

कुत्रं वाचलं ते डॉक्टरांमुळे. चावलेलं जनावर दहा दिवस जिवंत ठेवून बघायचं असतं. ते पिसाळलेलं आहे की नाही, हे तेवढ्यात कळतं. दवाखान्यातून लेखी आलं की कुत्र्याला मारू नये. जनावरांच्या दवाखान्यात तेव्हा पिंजरा मोडलेला होता. तिथले डॉक्टर म्हणाले, "तुमच्याकडे बांधा, मी रोज येऊन बघून जातो. लस दिलेली आहे, घाबरू नका." मी त्यांना मेंदूचं विचारलं. ते हसले. "अख्ख्या गावाला पाठ आहे, फक्त आमच्या पुस्तकात नाही. डॉबरमन चपळ असतो, सावध असतो, जबडा दणकट असतो. गावठी कुत्रं चावलं असतं तर म्हाताऱ्याला चार टाके पडले असते, इथं हात गेला. जातीचा हिशेब एवढाच. कुणाच्या अंगावर जायचं हे मात्र तो जन्माला येताना शिकून येत नाही."

अशा रीतीनं तो डॉबरमन मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या व्हरांड्यात आला. काळाकुळकुळीत, भुवयांवर तांबूस ठिपके, शेपूट छाटलेलं. बंगल्यातलं त्याचं नाव भारदस्त इंग्रजी होतं. पहिल्या दिवशी सगळं ठाणं मागच्या दारानं ये-जा करत होतं. वायरलेसवाल्यानं तर टेबल उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी डब्यातली अर्धी भाकरी काठीच्या टोकानं पुढं सरकवली. तिसऱ्या दिवशी काठी गेली. त्यानंतर ते जनावर हवालदारांच्या बुटावर हनुवटी ठेवून झोपायला लागलं आणि त्याचं नाव बाळ्या पडलं.

"पोलीस ठाण्यात ह्याच्याइतकं गुणी कोण न्हाय," हवालदार सगळ्यांना सांगत सुटले. आणि ते खरं होतं. ठाण्याच्या व्हरांड्यात काय कमी गोंधळ असतो? भांडणारे भाऊ, रडणाऱ्या बायका, बेड्या घातलेले चोर. एका दारुड्यानं तर त्याच्या गळ्यात पडून घरचं गाऱ्हाणं सांगितलं. बाळ्यानं त्याचं तोंड चाटलं. हे माझ्या डोक्यात खटकायला लागलं. आबांचा हात फाडणारं कुत्रं ते हेच का?

तशातच त्या भागात पेपर टाकणारा माणूस सायकलवरून ठाण्याशी आला. बाळ्याला बघून तो खाली उतरला आणि सरळ त्याच्या कानामागं खाजवायला लागला. मी त्याला आत घेतलं. तो दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, मी रोज त्या बंगल्यात आत जाऊन पेपर ठेवतो. पोस्टमन जातोय, गॅसवाला जातोय. हे कुणाला चावत न्हाय. हे गवळ्यालाच का चावलं, ते जरा इचारा. माझं नाव नका घिऊ, मला तिथंच धंदा करायचाय."

खबर म्हणजे अशीच असते. पुरावा नसतो, फक्त बोट कुठं दाखवायचं ते कळतं. मी बंगलेवाल्यांना पुन्हा बोलावलं. चहा पाजला, सरळ विचारलं. ते तसूभर हलले नाहीत. "मुक्या जनावराच्या मनातलं मी काय सांगणार? जात वाईट, दुसरं काय. दहा दिवस झाले की माझं कुत्रं माझ्या ताब्यात द्या, मी त्याचा निकाल लावतो." त्यांचं सारखं तेच, कुत्र्याचा निकाल. मला आतून चीड यायला लागली होती, पण चिडलेल्या पोलिसापुढे शहाणा आरोपी फक्त शांत बसतो, हे मला ठाऊक होतं. मी त्यांना जाऊ दिलं.

गाठ सुटली ती अचानक. शाहूवाडीकडचा एक शेतकरी हरवलेल्या कागदांची तक्रार द्यायला आला. पाऊस पडत होता. डोक्यावर घोंगड्याची खोळ घेतलेली, हातात काठी. तो फाटकातून आत आला आणि बाळ्या उठला. तसा आवाज त्याच्या गळ्यातून आम्ही आठवडाभरात ऐकला नव्हता. साखळी ताणली गेली, साखळी बांधलेलं बाकडं फरफटत पुढं आलं, बाकड्यावरचा शिपाई खाली आपटला. हवालदारांनी पट्ट्याला धरून त्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं.

शेतकरी भिंतीला चिकटला होता. "मी काय केलं ओ पावणं?" एवढंच तो म्हणत होता. भीतीनं घोंगडं त्याच्या डोक्यावरून खाली पडलं. त्यासरशी कुत्रं थांबलं. इकडं तिकडं बघितलं, धापा टाकल्या आणि खाली बसलं. थोड्या वेळानं त्याच माणसाच्या हातचा बिस्किटाचा तुकडा त्यानं मुकाट्यानं खाल्ला.

मी कपाटातून आबांच्या कपड्यांचा पंचनामा काढून पुन्हा वाचला. घोंगडं. मागून येणाऱ्या दिरानं काय घातलं होतं, ते सुनेला विचारून घेतलं. प्लास्टिकचा रेनकोट.

दुसऱ्या दिवशी दोन पंच आणि जनावरांचे डॉक्टर यांना समोर ठेवून मी प्रयोग केला. रेनकोट घातलेला माणूस आत आला, कुत्रं पडून राहिलं. छत्रीवाला आला, काठीवाला आला, काही नाही. मग हवालदार बाहेर गेले. त्याला रोज भाकरी घालणारा, त्याचं नाव ठेवणारा माणूस. डोक्यावर घोंगडं घेऊन ते फाटकातून आत आले, आणि बाळ्या त्यांच्यावर तुटून पडायला उसळला. दुहेरी साखळी होती म्हणून बरं. हवालदारांनी घोंगडं टाकलं. "बाळ्या, अरं मी हाय की," ते म्हणाले. त्या कुत्र्यानं त्यांना ओळखलं, पोट जमिनीला लावलं आणि जागेवर मुतलं. मग सरपटत त्यांच्या पायाशी आलं. हवालदार खाली बसले. तोंडानं तिखट असलेला तो माणूस त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"शिकवलेलं आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि मारून शिकवलेलं आहे."

सरकारी वकील मला हसले. "फौजदारसाहेब, तुम्ही कुत्र्याकडून ओळख परेड करून घेतलीत. कोर्टात कुत्र्याला साक्षीला उभं करणार का?" त्यांचं बरोबर होतं. प्रयोगानं माझी खात्री झाली, कोर्टाची होणार नव्हती. माणूस बोलायला हवा होता. आणि कुत्रं मेलं असतं तर केसच मेली असती. मालकाला एवढी घाई का होती, ते आता मला लख्ख दिसत होतं.

बंगल्यावर एक वॉचमन होता. घाटाकडच्या वाडीतला, पत्र्याच्या खोलीत बायकोबरोबर राहणारा. त्याला चौकशीला आणलं. "मला काय म्हायती न्हाय साहेब," यापलीकडे तो जाईना. मी त्याला हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. व्हरांड्यातून बाळ्याला आत आणवलं. कुत्र्यानं त्याला बघितलं आणि आनंदानं अंग वळवळत पुढं आलं. वॉचमननं सवयीनं हात वर केला, डोक्यावरून फिरवायला. हात वर जाताच कुत्रं मागं सरून टेबलाखाली शिरलं.

"ते तुम्हाला बघून खूश झालं आणि तुमच्या हाताला भ्यालं," मी म्हटलं. "दोन्ही एकदम का?"

तो माणूस जमिनीवर बसला आणि रडायला लागला. "लहान हुतं तवापास्नं मीच वाढवलंय साहेब. मालक त्याला उपाशी ठेवायला लावायचं. मग मला म्हनायचं, घोंगडं घे, काठी घे आन्‌ त्याला ढोस. मी ढोसायचो. ते अंगावर आलं की घोंगडं टाकून खोलीत पळायचो. ते घोंगडं फाडायचं आन्‌ मालक त्याला मटान घालायचं. परत भाईर आलो की तेच कुत्रं माझं हात चाटायचं. त्याला वाटायचं, घोंगड्यातला मानूस दुसराच हाय."

"तुम्ही मालकाला नाही म्हणाला नाहीत?"

"म्हनलो की. म्हनलं, मालक, कुनाचा तरी जीव जाईल. ते म्हनलं, जीव जात न्हाय, म्हशी तेवढ्या यायच्या बंद हुतील. त्या दिशी गेट मी लावलं हुतं. त्यांनी उघडलं."

त्याच्या निवेदनावरून पंचांसमोर बंगल्याच्या गॅरेजमधल्या माळ्यावरून ते घोंगडं काढलं. चिंध्या झालेलं, कुत्र्याच्या लाळेनं कडक झालेलं. कलम बदललं. भारतीय दंड संहितेच्या ३२६ कलमात जबर दुखापतीची साधनं सांगितली आहेत. हत्यार, विस्तव, विष, स्फोटक आणि त्यांच्याच रांगेत जनावर. फौजदारकीच्या परीक्षेत मी ते कलम पाठ केलं होतं, वापरायची वेळ पहिल्यांदाच आली. बंगलेवाल्यांना अटक केली तेव्हा ते एकच वाक्य बोलले, "एका म्हाताऱ्या गवळ्यासाठी एवढं?" जनावराच्या छळाचं कलमही जोडलं. त्याची शिक्षा किती किरकोळ होती, ते सांगायलासुद्धा लाज वाटते.

आता इथं बाळ्यावर बेतलं. जामिनावर सुटताच बंगलेवाल्यांनी कोर्टात अर्ज केला. कुत्रं ही माझी मालमत्ता आहे, निरीक्षण संपलं आहे, मुद्देमाल मला परत मिळावा. कायद्यानं ते चूक नव्हतं. मुद्देमाल मालकाकडे जातो. पण घरी नेल्यावर त्याचं काय होणार, हे सगळ्यांना कळत होतं. साक्षीच्या वेळी कुत्रं जिवंत नसेल, तर त्यांचा वकील पुन्हा मेंदू आणि कवटी काढणार होता.

न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकल्या. मग त्यांनी फिर्यादीला विचारायचं ठरवलं. आबा पुढं आले. उजवा हात गळ्यात अडकवलेला. व्हरांड्यात हवालदारांनी बाळ्याला धरलं होतं, दारातून तो दिसत होता. आबांनी मारून टाका म्हटलं असतं, तर त्यांना दोष कोण देणार होतं?

"आजोबा, या कुत्र्याचं काय करावं असं तुम्हाला वाटतं?" न्यायाधीशांनी विचारलं.

आबांनी दाराकडं बघितलं. मग आरोपीकडं बघितलं. सावकाश म्हणाले, "मला त्याचं भ्या वाटतंय, साहेब. खोटं कशाला बोलू? अजून झोपंत दचकून उठतोय. पर त्याला बी ह्या मानसाचं भ्या वाटतंय. आत्ता हा मानूस आत आला तवा ते हवालदाराच्या पायात शिरलं, मी बघितलंय. ज्याला भ्या वाटतंय त्याला त्याच्याच हातात नका दिऊ."

न्यायाधीशांनी पेन उचललं आणि खटला संपेपर्यंत कुत्रं हवालदारांच्या सुपूर्द केलं, सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या लेखी हमीवर. खटला कोर्टाच्या रीतीप्रमाणे लांबला. वॉचमन माफीचा साक्षीदार झाला. बंगलेवाल्यांना शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली. वाट मात्र उघडी राहिली.

बाळ्या हवालदारांच्याच घरी म्हातारा झाला. त्यांनी घोंगड्याची भीती घालवायला पुष्कळ प्रयत्न केले. घोंगडं अंथरून त्यावर भाकरी ठेवायची, मग खांद्यावर घेऊन जवळ बसायचं. चावणं पुरतं गेलं. भीती काही पुरती गेली नाही. पावसाळ्यात रस्त्यानं कुणी खोळ घेऊन चाललं, की ते धिप्पाड जनावर कॉटखाली जाऊन थरथरत बसायचं आणि हवालदार त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहायचे.

निवृत्तीनंतर लोक मला विचारतात, साहेब, कुठली जात घरात आणू नये? जातीला काहीच अर्थ नाही, असं मी म्हणणार नाही. दणकट जबड्याचं कुत्रं आणलं तर जबाबदारीही तेवढीच दणकट येते. पण आमच्या खात्यात कुठं चोरी झाली की ठरलेल्या वस्तीत गाडी घालायची पद्धत होती. कुणाच्या पोटी जन्मला यावरून आरोपी ठरायचा आणि खरा करणारा घरी चहा पीत बसायचा. या प्रकरणानंतर तशा गाडीत बसताना माझं मन मला टोचायला लागलं, आणि पुढं ठाणं माझ्या ताब्यात आलं तेव्हा ती पद्धत मी माझ्यापुरती बंद केली. चोऱ्या वाढल्या नाहीत. उलट चोर सापडायला लागले.

आबा डाव्या हातानं धार काढायला शिकले. थोरल्या म्हशीनं पुष्कळ लाथा मारल्या, मग ऐकलं. मी कट्ट्यावर दूध प्यायला जायचो. एकदा मी त्यांना विचारलं, त्या दिवशी कोर्टात एवढं कसं सुचलं तुम्हाला? ते कासेवरून मान न उचलता म्हणाले, "सुचायचं काय त्यात. त्या दिशी त्याचा दात माझ्या हातात हुता तवा मी त्याच्या डोळ्यात बघितलं. ते माझ्यापेक्षा जास्त भ्यालतं."